साहेबांसमोरचं बीपी

४ फेब्रुवारी
ह्यांचं वार्षिक मेडिकल झालं. बीपी जास्त. डॉक्टर मेजरसाहेबांनी पुन्हा पुन्हा मोजलं, दर वेळी चढतं. दोन आठवड्यांनी परत बोलावलंय. तेव्हाही तसंच निघालं तर फिटनेसची कॅटेगरी खाली, आणि नायब सुभेदाराचा सुभेदार होणं राहिलंच. घरी येऊन बूट काढताना एवढंच म्हणाले, "मला तर काहीच होत नाहीये यार." खरंय. हा माणूस सीमेवरच्या बर्फात राहून आलाय. मेट्रोचे जिने अजून पळत चढतो, मी खाली धापा टाकत असते.
मला रडूच आलं. पण कुकर लावायचा होता.

७ फेब्रुवारी
ऋतुजा हॉस्टेलवरून आली. एमबीबीएसचं पहिलंच वर्ष, पण तोरा असा की अख्खं हॉस्पिटल हीच चालवते. (तोरा माझाच, असं ह्यांचं म्हणणं.) बॅगेतून बीपीचं मशीन काढलं. पप्पांना सोफ्यावर टेकवलं, जरा वेळ गप्प बसवलं, मग मोजलं. नॉर्मल! दुसऱ्या हातावर बघितलं. तेही नॉर्मल.
मग तिथं काय होतं?

८ फेब्रुवारी
सापडलं! ऋतुजा म्हणाली, "तिथं कसे बसता, ते करून दाखवा." हे स्टुलावर बसले. पाठ ताठ, मान सरळ, मुठी आवळून गुडघ्यांवर. सावधान! समोर मेजर; दुसरं कसं बसणार? तिनं पटकन बोटं चाचपली. गार.
मग तिचं लेक्चर. दडपण आलं की ॲड्रेनलिनसारखी हार्मोन्स सुटतात. हृदय जोरात पंप करतं, कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून बोटं गार, म्हणून प्रेशर वर. त्यात मुठी आवळलेल्या. 'रक्तवाहिनी' शब्द तिला येईना, "खून की नली" चाललं होतं, तो मी किचनमधून पुरवला.
हे म्हणाले, "अच्छा, म्हणजे राशन सगळं पुढच्या चौकीवर, मागचे उपाशी."
"बिल्कुल, पप्पा!"
दोघं काय हसली! पण कायम असं दडपणात राहिलं तर वाहिन्या खरंच कडक होतात, हेही बोलली. ते मात्र मनात राहिलंय.
केवढी झाली पोरगी. दृष्ट काढावीशी वाटली.

१५ फेब्रुवारी
सराव. ऋतुजानं पांढरा एप्रन घातला, गळ्यात स्टेथोस्कोप. "मी मेजरसाहेब आहे असं समजा." हे ताडकन उभेच राहिले. स्वतःच्या मुलीसमोर! बीपी अर्थातच वर. ती वैतागली. "पप्पा, मीच आहे ना, हात सैल सोडा." हे एप्रनच्या खिशावरचं नाव वाचत होते. डॉ. लागायला अजून वेळ आहे, पण आडनाव आमचं. दोन्ही घरांत आजवर कुणी डॉक्टर झालेलं नाही. ह्यांचे डोळे भरलेले मला दिसले, तिला नाही.

१८ फेब्रुवारी
परत मेडिकल. ह्यांनी चक्क सांगून टाकलं, "सर, आपके सामने ढीला बैठना नहीं आता. मेरी बेटी डॉक्टरी पढ़ती है, उसने पकड़ा." साहेबांसमोर न विचारता बोललेले हे, विश्वास बसत नाही! मेजरसाहेब हसले म्हणे. निकाल दिला नाही. दंडाला चोवीस तासांचं मशीन बांधून घरी पाठवलं. ते अधूनमधून आपोआप मोजतं. त्यावरून काय ते ठरणार.
संध्याकाळी हे सोफ्यावर टेकून, शहाण्यासारखे. तेवढ्यात हॉस्टेलवरून ऋतुजाचा फोन, स्पीकरवर. फिजिऑलॉजीत वर्गात पहिली आली! हे उठून उभे. छाती बाहेर, चेहरा लालबुंद. आणि नेमकं तेव्हाच दंडावरचं मशीन घरघरायला लागलं.
"अहो, बसा! मोजतंय ते!"
"मोजू दे," म्हणाले. बसले नाहीतच.
आकडा काही त्यावर दिसत नाही. मशीन उद्या परत द्यायचंय.