जादाचं वर्ष

प्रिय सुदेश,

कबड्डीच्या शिबिरात फोन काढून घेतात म्हणालास, तेव्हा आधी राग आला आणि मग बरंच वाटलं. फोनवर तू नुसतं हं हं करतोस आणि मधेच मयूरने कुणाची कशी पकड केली ते सांगायला लागतोस. कागदावर तुला मधे बोलता येणार नाही. जेवण झालं की एका बाजूला बसून वाच, आणि मयूरला दाखवू नकोस.

रविवारी आम्ही दिव्याला तुमच्याकडे आलेलो. आई, बाबा आणि त्र्यंबकमामा. मामा असले की चहाच्या आधीच मुद्द्याला हात घालतात, तुला माहितीय. पुन्हा कॉलेजात नाव घालून तू कबड्डी खेळणार, कुरिअरची नोकरी सोडणार, मग लग्नाचं काय, असं त्यांनी सरळ विचारलं. मला वाटलेलं तुझे बाबा गडबडतील. पण तुमच्याकडे सगळं आधीच ठरलेलं. लग्न मार्गशीर्षातच करायचं, लांबवायचं नाही. तू खेळायचंस. माझी घोडबंदर रोडची नोकरी आहेच, तेवढ्यावर वर्षभर घर चालेल. कोरोनाने पोराचं शेवटचं वर्ष खाल्लं, ते विद्यापीठ परत देतंय तर घेऊ दे, असं तुझी आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. खरं सांगते, माझेही भरले. तू रिकाम्या मैदानाच्या कुंपणाबाहेर मास्क लावून उभा राहायचास, ते मी पाहिलेलं आहे.

एवढ्यात खाली टँकर आला. बोलणं तिथेच टाकून सगळे उठले. लिफ्ट बंद होती. मी ओढणी खोचली आणि हंडे उचलले. वर-खाली, वर-खाली, शेवटी पिंपही भरलं. मामा पहिल्याच जिन्यावर बसले. मला धाप लागली नाही रे, माझं मलाच नवल वाटलं. तुझी आई कौतुकाने म्हणाली, सून खेळाडू असली की पाण्याची काळजी मिटली. सगळे हसले. मीही हसले. अख्ख्या दिवसात मी खेळाडू आहे हे कुणाला आठवलं ते तेवढंच.

घरी येताना आई खुशीत होती. माझ्याकडे बघून म्हणाली, दमलीस. हो म्हटलं.

सुदेश, ती नोटीस तुला मीच पाठवलेली, आठवतं? ज्यांचं शेवटचं वर्ष कोरोनात गेलं त्यांना आणखी एक वर्ष खेळता येईल. बसमध्ये वाचली आणि जागच्या जागी तुला पाठवली. तू नाचलास, मी ऑफिसात पेढे वाटले. कबड्डीच्याच खाली खो-खो लिहिलं होतं. ते माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि माझं वर्षही तेव्हाच गेलेलं हे मला सुचलंसुद्धा नाही. मी काय वेडी आहे का? दुसऱ्या दिवशी डबा खाता खाता एकदम लक्षात आलं आणि डबा तसाच बंद केला. मग वाट पाहिली, की तू म्हणशील, अगं रुचिता, तुझंही की. तू तुझ्या नव्या बुटांचं सांगत राहिलास. याचा मला फार राग आहे. पण स्वतःचा त्याहून जास्त आहे, त्यामुळे तुला नीट शिव्याही देता येत नाहीत.

मंगळवारी ऑफिसातून लवकर निघून डोंबिवलीच्या आमच्या खो-खोच्या मैदानावर गेले. नुसतं बघायला, असं स्वतःला सांगून. महेंद्र सरांनी काही विचारलं नाही, पोरींना सरकायला सांगून मला रांगेतल्या चौकोनात बसवलं. पाठीमागून खो मिळाला आणि मी उठले. दोन पोरी सुटल्या, तिसरी खांबाजवळ वळत होती, तिला सूर मारून बाद केली. कोपर सोलवटलंय. आईला सांगितलं जिन्यात पडले. रात्री मलम लावताना इतकं रडू आलं की नळ सोडून ठेवला.

लग्नानंतर खेळ, असं तू म्हणशील. मनाने चांगला आहेस, म्हणशीलच. पण दिव्याहून पहाटे मैदान, मग ऑफिस, मग टँकर आला की पाणी, हे कसं जमायचं ते मला दाखवून दे. तुझ्या वर्षासाठी सगळ्यांनी मिळून वाट काढली. त्या वाटेवर पुढे मी उभी आहे, हंडा घेऊन.

म्हणून हे पत्र. काल मी महेंद्र सरांकडे नाव दिलं, कॉलेजात प्रवेश घेतला आणि ऑफिसात राजीनामा दिला. आईला संध्याकाळी सांगितलं. तेव्हापासून ती नुसती भाकरी वाढते आणि आत जाते. मामांना अजून माहीत नाही. मार्गशीर्षातलं लग्न मला वर्षभर पुढे ढकलायचंय, आणि ते तुझ्या घरी तू सांगायचंस. मी नाही. तुझी नोकरी नाही, माझीही नाही, घर कसं चालायचं हे मला ठाऊक नाही, काल रात्रभर मला त्याचीच भीती वाटली. साखरपुड्याची अंगठी आज सरावाला जाताना काढून देव्हाऱ्यात ठेवली. आल्यावर पुन्हा घातली. ती परत हवी असेल तर मामांकडे निरोप दे, मी भांडणार नाही. फार रडेन, पण दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर जाईन. तुझ्या वर्षासाठी तू मला लग्नाला थांब म्हणाला असतास तर मी थांबले असते, हे तुला ठाऊक आहे. माझ्यासाठी तू थांबशील का, हे मला ठाऊक नाही. तीन वर्षं तुला ओळखते, आणि हे एवढंच मला ठाऊक नाही.

अजून तरी तुझीच,
रुचिता