मोठ्या दाराशेजारचं बुटकं दार

आई, तुला जाऊन आता इतकी वर्षं झाली की रेवदंड्यात तुला ओळखणारं माणूस सापडणं कठीण. तरी हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. मी फ्रान्सला जाऊन आले. तुझा नातू तिकडे नोकरीला आहे, त्याच्याकडे राहिले, आणि एका सकाळी त्याच्या मुलीबरोबर डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खेड्यातलं जुनं चर्च पाहून आले. तू चर्चलाही देऊळच म्हणायचीस. लहानपणी मला त्याचं हसू यायचं, आता येत नाही.

किल्ल्यातल्या त्या वाडीत तू माडांना पाणी लावायला जायचीस. वाडीच्या मधोमध पोर्तुगीजांचं पडकं चर्च. छप्पर नाही, दार नाही, भिंतीतून पिंपळ आलेला. रोज दुपारी आपण त्याच्या सावलीत भाकरी खायला बसायचो. त्यातली एक दुपार अजून डोळ्यांपुढे आहे. मी फुरंगटून बसलेय, कारण आदल्या दिवशी जत्रेत मी देवळाच्या पायरीशी रेंगाळले म्हणून तू दंड धरून मला फरफटत घरी आणलं होतंस. आपल्या घरात बुद्धाची तसबीर होती, देवळाची गरज नव्हती, पण जुनी अडवणूक तू विसरली नव्हतीस. "ज्या दारानं माज्या आयला भायेर ठेवलं, त्या दारात तू हात जोडून उभी ऱ्हाणार हायस?" तू म्हणतेस. मग वरच्या उघड्या आभाळाकडे बघून तुलाच हसू येतं. "हितं बग, दारच न्हाय. अडवील कोण?"

तिकडच्या चर्चला मात्र दार होतं, चांगलं जाडजूड. चावी शेजारच्या एका म्हातारीकडे असते, तीच आलेल्या माणसाला आत नेऊन दाखवते. आठ-नऊशे वर्षांची वास्तू, आणि अजून राबती. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण उंबऱ्याचा दगड पावलांनी मधोमध इतका झिजलेला पाहिला आणि माझी मतीच गुंग झाली. आत गारवा, भिंती हातभर नव्हे, माणूसभर जाड. पुढच्या कमानी गोल, त्या जुन्या. मागच्या टोकदार, त्या नंतरच्या. एका पिढीनं अर्धवट सोडलं ते दुसरीनं पुढे नेलं, आणि एकाही गवंड्याचं नाव कुठे नाही. मी वर बघत राहिले, मान दुखेपर्यंत.

मग म्हातारीनं बाजूच्या भिंतीतलं एक बुटकं दार दाखवलं. दगडांनी बुजवलेलं, आपल्या खांद्याइतकंही उंच नाही. ती बोलत होती आणि नात मला मराठीत सांगत होती. "आजी, हे कागो लोकांचं दार. त्यांना मोठ्या दारातून येऊ द्यायचे नाहीत. पाण्याचं भांडं वेगळं. प्रार्थनेचा पाव पण लांब काठीच्या टोकावरून द्यायचे."

मी विचारलं, ते लोक वेगळे होते का? नाही. रंग तोच, भाषा तीच, देव तोच. मग का? का ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. सुतारकाम करायचे, वरचं हे लाकडी छप्परही त्यांनीच घडवलं असेल, असं म्हातारी म्हणाली. आणि आता ते कुठे आहेत? त्यावर ती खांदे उडवून हसली. नातीनं सांगितलं, "त्या म्हणतात, इथेच असतील. कदाचित मी पण त्यांच्यातलीच. आता गावात कुणालाच सांगता येणार नाही."

आई, दार तेवढं उरलं होतं, आणि त्यातून वाकून कोण जायचं ते अख्खं गाव विसरलं होतं. असं होऊ शकतं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं. मी बाकावर बसून पोटभर रडले. म्हातारी बिचारी पाणी आणायला धावली.

परतताना नातीनं विचारलं, "आपल्याकडे पण असं होतं का गं?" तिला आपलं आडनाव म्हणजे नुसतं आडनाव आहे. सांगावं, तर ते बुटकं दार तिच्याही डोक्यात उभं राहणार. न सांगावं, तर तू आणि तुझी आई त्या कागोंसारख्या पुसल्या जाणार. मी एवढंच म्हटलं की तुझी पणजी रोज दुपारी एका चर्चमध्ये जेवायची, भल्यामोठ्या कमानीतून ताठ मानेनं आत जायची. यात खोटं काही नव्हतं.

मे महिन्यात ती इकडे येतेय. तेव्हा सगळं सांगणार आहे. तू सांगितलंच असतंस, पहिल्याच दिवशी, आडपडदा न ठेवता. हे पत्र वहीतच राहील, म्हणून लिहून टाकते: ती येईपर्यंतचे हे दिवस मला फार आवडताहेत. आपल्या घरातल्या एका माणसाला अजून काही माहीत नाही.