फळीचा पत्ता

चामराजपेट, बेंगळूर
१२ ऑक्टोबर १९९८

प्रिय अक्का,

तुझं पत्र परवा मिळालं. तुळशीचं लग्न झालं की संकेश्वरहून तुझ्या सासरचे तुला न्यायला येणार, आप्पांनी त्यांना हो म्हटलंय, आणि तू लिहितेस, ‘मी तरी काय करू, इथं आता मला जागा नाही.’ त्या वाक्याला उत्तर देणारच आहे, पण जरा दम धर. आधी माझी बातमी ऐक, ती तुला सांगितल्याशिवाय दुसरं काही लिहवेना मला. तुझा भाऊ कायम झाला. हसू नकोस, खरंच. कृष्णाजी मिस्त्रींचं गॅरेज सोडलं, बेळगावची फाउंड्री सोडली, हुबळी सोडली, गोव्याच्या हॉटेलातनं तर पळूनच आलो. आप्पा म्हणायचे, ‘ह्याच्या पायाला भोवरा लावूनच ह्याला जन्माला घातलाय.’ तोच मी आता एका जागी बसतो आणि उठावंसं वाटत नाही.

कुठं बसतो ते सांगतो. चामराजपेटेत एका उदबत्तीच्या गोदामावर वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. जिना चढला की कपड्यांना चंदनाचा वास. ऑफिस अद्वैत सर आणि मुग्धा मॅडम ह्या पुण्याच्या नवराबायकोचं. मला घेतलं होतं कंप्युटरची खोकी उचलायला, मशीन उघडून जोडायला आणि कानडी बोलायला. सर रिक्षावाल्याशी हिंदीत भांडायचे, मी मध्ये पडून म्हणायचो, ‘स्वल्प कडिमे माडी अण्णा,’ की तो हसून भाडं कमी करायचा. मॅडम म्हणायच्या, ‘अद्वैत, तुझ्या डिग्रीपेक्षा सुरजचं स्वल्प जास्त चालतं रे.’ सर म्हणायचे, ‘डिग्रीनं रिक्षा स्वस्त होते असं कॉलेजात कुणी सांगितलंच नव्हतं.’

आता काम काय ते सांगतो, अवघड वाटलं तरी सोडून देऊ नकोस. शिवाजीनगरात एक रक्त तपासायची लॅब आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंना सगळे रिपोर्ट कंप्युटरवर हवे होते. त्यासाठी सरांनी जो प्रोग्रॅम निवडला तो तयार मिळत नाही. त्याची नुसती कच्ची लिखापढी सीडीवर येते, आणि ती आपल्या मशीनवर शिजवून चालता प्रोग्रॅम करायचा. त्याला कंपाइल करणं म्हणतात. हा प्रोग्रॅम सगळी अवजारं स्वतःजवळ ठेवत नाही. मिस्त्रींच्या गॅरेजात भिंतीवर पान्यांची फळी होती ना, ज्याला जो पाना लागेल तो त्यानं तिथनं घ्यायचा, तसं मशीनमध्येही सगळ्यांची मिळून अवजारं असतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. आमचा प्रोग्रॅम शिजला झकास, पण लॅबच्या मशीनवर चालवायला गेलं की एकच ओळ पडायची. अमक्या नावाची लायब्ररी उघडता येत नाही, संपलं. त्याला दोन नंबरची लायब्ररी हवी होती आणि मशीनवर होती एक नंबरची, जुनी.

सर म्हैसूरला गेले होते, मॅडमना ताप. मी एकटा. मग मी काय केलं असेल? जे गॅरेजात शिकलो तेच. जुन्या स्कूटरला नवा पार्ट मिळाला नाही की मिस्त्री दुसराच पार्ट कानस मारून बसवायचे, ‘बसलाय न्हवं? मग चालंल.’ मी जुन्या लायब्ररीला दोन नंबरचं नाव लावून टाकलं. अक्का, चाललं की गं! प्रोग्रॅम उघडला, चाचणीचे पहिले काही कागद झरझर छापले. डॉक्टरीणबाईंनी मला कॉफी पाजली. मी मनात म्हटलं, आप्पा, या बघायला. आणि कॉफीचा पेला खाली ठेवतोय तोवर प्रोग्रॅम मधेच बंद पडला, आणि शेवटी निघालेल्या कागदावर एका माणसाचा रक्तगट दुसऱ्याच्या नावापुढं. चाचणीचीच माणसं, खरी नव्हेत, पण डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘हे खऱ्या पेशंटचं झालं असतं तर?’ पुढच्या सोमवारी नीट चाललं नाही तर काम दुसऱ्याला देणार, असं सांगून त्यांनी मला वाटेला लावलं.

त्या दिवशी मी चालत परत आलो आणि वाटेत मोठ्या बसस्टँडवर उगाच थांबलो. आपल्या निपाणीची गाडी लागली होती. खरं सांगतो, पाय तिकडं वळले होते. एरवी मी बसलोच असतो. पण मग वाटलं, आता गेलो तर ह्या कामाचं काय चुकलं ते मला आयुष्यात कळणार नाही. अशी हाव मला आधी कधी सुटली नव्हती.

सर आले, मी सगळं सांगितलं. वाटलं, आता जा म्हणतील. त्यांनी डोकं खाजवलं, ‘अरे राजा, पंधराच्या पान्यावर चौदा रंगवलं म्हणून तो चौदाचा होतो का? नट घसरणारच.’ मग म्हणाले, ‘आता दोन नंबरची लायब्ररी तूच कंपाइल कर. मी शेजारी बसतो, पण कीबोर्ड तुझा.’ आम्ही लॅबचं मशीन उचलून ऑफिसात आणलं आणि बसलो. पडद्यावर ओळी धावत होत्या, दूध उतू जाताना बघावं तसा मी बघत होतो. लायब्ररी तयार झाली. जुनं खोटं नाव काढलं, प्रोग्रॅम चालवला, आणि परत तीच ओळ. लायब्ररी उघडता येत नाही! मी शोधून काढलं तर फाइल समोर, नाव बरोबर, नंबर बरोबर. वस्तू डोळ्यांपुढं आहे आणि मशीन म्हणतंय नाही.

तेव्हा मी तुझा विद्यार्थी झालो. आठवतं, मी शाळा सोडल्यावर तू विडीची पानं कातरत बसायचीस आणि तंबाखूच्या पोत्यांवरचे इंग्रजी शिक्के मला बोट ठेवून वाचायला लावायचीस? एक अक्षर चुकलं की कात्रीची मूठ पाठीत. लायब्ररी बसवून झाल्यावर मशीननं बराच मजकूर दाखवला होता, तो सर्रकन वर निघून गेला होता. मी तो परत आणला आणि बोट ठेवून वाचला. अर्थ सगळा लागेना, म्हणून ताप उतरलेल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘अरे, हेच तर सांगतंय ते! नवी लायब्ररी नव्या जागेत ठेवलीय, ती जागा अजून कुणाला माहीत नाही.’ मशीन शोधतं ते नेहमीच्या फळ्यांवरच. नवी फळी ठोकली तर तिचा पत्ता एका यादीत घालायचा आणि मशीनला एक हुकूम द्यायचा, की सगळ्या फळ्या पुन्हा मोजून घे. मी पत्ता घातला, हुकूम दिला. सर म्हणाले, ‘चालव.’ चाललं, अक्का. दिवसभर चालवून बघितलं, एकही कागद चुकला नाही.

सोमवारी लॅबमध्ये मीच बसवलं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या रक्ताचा रिपोर्ट काढून बघितला, चष्मा वर करून परत बघितला आणि म्हणाल्या, ‘सरी,’ म्हणजे ठीक आहे. एवढंच. पण सरांनी जिन्यातच माझा हात धरला. म्हणाले, ‘आता खोकी दुसरा कुणी उचलेल. लॅबची मशीनं तुझी. मात्र परत कानस आणलीस तर बघ.’ कानशीचं त्यांना मीच सांगितलं होतं. सातवी नापास माणसाला कुणी ‘तुझी’ म्हणून मशीनं दिल्याचं मी तरी ऐकलं नाही. आप्पांना हे वाचून दाखव, सावकाश. इथपर्यंतच दाखव.

पुढचं तुझं एकटीचं. भाऊबीजेला मी येतोय, दोन दिवसांची सुट्टी घेतलीय. ओवाळणी काय घालणार ते आजच सांगतो, कारण तुला विचार करायला वेळ हवा, तेवढ्यासाठीच हे पत्र. माझी घरमालकीण गंगव्वा एकट्या पोराला नुसती खोली देते, चूल नाही. मी कायम झालो तसा तिच्याकडं गेलो आणि मागची बाजू मागितली, दोन खोल्या, मोरी आणि चूल. ती म्हणाली, ‘एकट्याला कशाला रे एवढं? हेंडती बंदळा?’ बायको आली का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, ‘बायको नाही, अक्का येणार आहे.’ ‘किती दिवसांसाठी?’ मी म्हटलं, ‘ते ती ठरवेल.’ म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि चुना लावायला माणूस पाठवला. तिथं संकेश्वरसारखं कुणी तुझ्या ताटाकडं बघणार नाही, डब्यांना कुलूप घालणार नाही. काम करशील, सुटलेलं कॉलेज पुरं करशील की नुसती झोपशील, ते तुझं तू बघ. आप्पांशी मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस. धाकट्या वीणाच्या लग्नाची त्यांना धास्ती आहे, मला कळतं, माझा राग नाही त्यांच्यावर. आणि तुला मनापासून संकेश्वरला जायचं असेल तर मी स्वतः सोडायला येईन, एक शब्द बोलणार नाही. पण जागा नाही म्हणून जाऊ नकोस. जागा आहे. कालच चुना सुकला.

तुझाच,
सुरज