चार मतं आणि पणजीचं हॉटेल

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. चेअरमन होणाऱ्या माणसाची रोजनिशी असावी, पुढं कामाला येते.

परिस्थिती अशी. न्हावऱ्याजवळच्या आमच्या वाडीची दूध संस्था. संचालक नऊ. चेअरमनची निवड १९ तारखेला सकाळी अकराला. तिकडं माझा चुलतभाऊ विक्रम आणि त्याचे तीन, म्हणजे चार. इकडं मी आणि माझे चार: बबनराव, खंडू, झुंबरबाई आणि रिटायर झालेले शलमोन सर. म्हणजे पाच. पाच म्हणजे गुलाल.

पंधरा वर्षं संचालक आहे. तीनदा चेअरमन होता होता राहिलो. दरवेळी आदल्या आठवड्यात एक माणूस फुटला. संकलन केंद्राच्या भिंतीवर माजी चेअरमनांचे फोटो आहेत, शेवटी एक जागा मोकळी आहे. रोज दूध घालताना मी तिकडं बघतो. कुणाला सांगत नाही, पण बघतो.

ह्या खेपेला माणसं ताब्यात ठेवायची. सहलीला न्यायची आणि थेट मतदानाला आणून उभी करायची. सगळे असंच करतात.

५ नोव्हेंबर, बुधवार

ठिकाण ठरलं. महाबळेश्वर बाद, तिथं विक्रम मोटरसायकलवर येईल. शिर्डी बाद, दर्शनाच्या रांगेत माणूस सुटतो. पणजी! लांब आहे, आणि तिथं नदीतल्या बोटींवर कॅसिनो आहेत. एकदा बोटीत बसलेला संचालक पळणार कुठं?

कॅसिनो मी अजून बघितलेला नाही. पण मोबाईलवर तीन व्हिडिओ पाहिले. त्यातलं गणित सापडलं आहे.

हिला सांगितलं, अभ्यास दौरा आहे. सुलक्षणा म्हणाली, कशाचा. म्हटलं, दुग्धव्यवसायाचा. म्हणाली, बोटीवर म्हशी असत्यात व्हय. उत्तर दिलं नाही. नेत्यानं प्रत्येक गोष्टीला उत्तर देऊ नये.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवसभर हॉटेलं. डोळे चुरचुरतायत.

पहिलं चांगलं होतं, पण स्विमिंग पूल. खंडूला पोहता येत नाही, एक मत बुडायचं. दुसऱ्याला दोन गेट. तिसऱ्याला प्रत्येक खोलीला गॅलरी, आणि गॅलरीखाली रिक्षा स्टँड. ह्या लोकांना सुरक्षा म्हणजे काय ते कळतच नाही.

शेवटी सापडलं. हॉटेल लकी डॉल्फिन. दिल्लीच्या एका माणसानं एक स्टार देऊन लिहिलंय: खिडक्यांना गज, यायला-जायला एकच दार, रेंज मिळत नाही, रिसेप्शनवरचा माणूस कुठं चाललात म्हणून विचारतो, तुरुंगात राहिल्यासारखं वाटलं. तीनदा वाचलं. आपल्याला असंच पाहिजे होतं. कॅसिनोच्या धक्क्यापर्यंत चालत दहा मिनिटं, हे वरकड.

८ नोव्हेंबर, शनिवार

माणसांना विश्वासात घ्यावं म्हणून चौघांना बोलावलं. चूक झाली.

बबनराव म्हणाले, भाकरी मिळंल का. झुंबरबाई म्हणाल्या, पाटं चारला कडक पाणी लागतं. शलमोन सर म्हणाले, रविवारची उपासना चुकवणार नाही. खंडू म्हणाला, पोपटभाऊ, माझी म्हैस गाभण हाय, दिस भरलेत, घरात मी एकटा. मी त्याला सांगितलं की नाष्टा फुकट आहे. खंडू माझ्याकडं नुसता बघत राहिला. नाष्ट्याचं ऐकून गप्प झाला असावा.

९ नोव्हेंबर, रविवार

बुकिंग केलं! एकट्यानं! कुणाची मदत नाही!

तीन खोल्या. एक झुंबरबाईंना. एकीत बबनराव आणि सर, खंडूला तिथंच गादी. तिसरी माझी. तिच्यातून नदी दिसते. चेअरमननं गर्दीत झोपणं बरं दिसत नाही.

मोबाईलवर टिक करायला दोन घरं होती, पैसे परत मिळणारं आणि न मिळणारं. न मिळणारं दाबलं. रद्द करायला मी काय विक्रम आहे? पुढं विचारलं, प्रवासाचं कारण काय. कुटुंब, व्यवसाय, हनिमून. सत्ता असा पर्यायच नाही. हनिमूनला केक फुकट होता, म्हणून तिन्ही खोल्यांना हनिमून टाकला. अशी बारीक नजर असल्याशिवाय संस्था चालत नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ही जेवताना म्हणाली, चार दिस धारा कोण काढणार. म्हटलं, तू आहेस की. म्हणाली, आपल्या दोन मी काढीन, पण बबनरावांच्या मालकिणीचा हात प्लास्टरमधी, झुंबरबाईची सून बाळंतपणाला गेलेली, सरांच्या कृपाबाई लेकीकडं दौंडला, आन् खंडूला कोण हाय. सकाळ-संध्याकाळ वेळेवर धार निघाली न्हाई तर जनावर आजारी पडतं, तुम्ही दूध संस्थेचं डायरेक्टर ना.

मी म्हणालो, राजकारणात असल्या बारीकसारीक गोष्टी बघत बसलं की माणूस मोठा होत नाही. ही ताट उचलून गेली. माझं जेवण व्हायचं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पहाटे निघालो. खंडू ऐनवेळी गोठ्यातून बाहेर येईना. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभा. हाताला धरून गाडीत बसवला.

शिरूर सोडताच सगळ्यांचे फोन गोळा केले आणि स्टीलच्या किटलीत घालून झाकण लावलं. विक्रमचा एक फोन आणि एक माणूस गेला, हा अनुभव आहे. शिस्त म्हणून माझाही फोन आत टाकला. सर म्हणाले, तुमचा कशाला. म्हटलं, नेतृत्व.

संध्याकाळी पोचलो. हॉटेल फोटोतल्यापेक्षा बुटकं आहे. खोल्यांत टॉवेलचे राजहंस, चोचीला चोच लावलेले, भोवती गुलाबाच्या पाकळ्या. बबनराव आणि शलमोन सर दारातच उभे राहिले. सर म्हणाले, ह्यातला अर्थ काय समजायचा. बबनरावांनी हंसाला तोंड पुसलं. केक आला, त्यावर इंग्रजीत नवदांपत्यास शुभेच्छा. पाच जणांनी खाल्ला. चांगला होता.

कडक पाणी फक्त माझ्या खोलीत येतं. कुणाला सांगितलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

दिल्लीवाला खोटारडा निघाला. इथं रेंज आहे. पहाटे पाचपासून किटली वाजतेय. एक थांबला की दुसरा. चौघंही दारात येऊन उभे. बबनराव म्हणाले, धारेची वेळ हाय, एकदा घरी विचारू द्या. नाही म्हणालो. ही विक्रमचीच चाल. किटली ब्लँकेटात गुंडाळून कपाटात ठेवली. तरी कपाट गुणगुणतंय.

सरांना एकटं सोडणं धोक्याचं, म्हणून चर्चला सोबत गेलो. सर म्हणाले, आपल्या मिशनचं चर्च वेगळं, हे वेगळं, पण रविवार तो रविवार. कोकणीतून सगळं. मला छान झोप लागली. जागा झालो तेव्हा सर डोळे मिटून पुटपुटत होते. कान दिला. गोठ्यातल्या दोन गायींची नावं घेत होते. प्रार्थना मतदानासाठी करायला पाहिजे होती, पण म्हातारा माणूस.

त्याच दिवशी, संध्याकाळ

कॅसिनो! बोटीच्या दारात बबनरावांना अडवलं, वहाणा चालत नाहीत. सरांनी आपले बूट दिले. सर तसेही जुगार खेळत नाहीत, मोज्यांवर धक्क्यावर थांबले. मी आतून दर दहा मिनिटांनी खिडकीशी जाऊन बघत होतो, एक मत जागेवर आहे का.

माझं गणित साधं: आपली मतं पाच, म्हणून पाच नंबर. फिरत्या चाकावर सगळे टोकन पाचावर लावले. गोळी सव्वीसवर. परत लावले. अकरा. टोकन संपले. मी उठल्यावर दोनदा पाच आला म्हणे. म्हणजे गणित बरोबर होतं, वेळ पुढंमागं झाली.

झुंबरबाई एक टोकनही न लावता जेवणाजवळ बसून होत्या. पनीर दाताखाली धरून म्हणाल्या, दुधाला फॅट न्हाई. मग म्हणाल्या, पोपटराव, माझ्या म्हशीची कास एव्हाना दगडावानी झाली असंल. आणि पदर डोळ्याला लावला. म्हटलं, झुंबरबाई, संगीत ऐका.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कुणी बोटीवर यायला तयार नाही. चौघं एकाच खोलीत पलंगावर बसलेत, मी आत गेलो की बोलणं बंद. एकजूट म्हणतात ती ही! इतका एकोपा मी आमच्या गटात कधी बघितला नव्हता.

निर्णय: चेअरमन झाल्यावर दरवर्षी अशी सहल.

निर्णय दोन: फोटो काढताना जाकीट घालायचं. निळं.

बबनरावांना गुपचूप विचारलं, सूचक म्हणून सही करणार ना. म्हणाले, बघू. बबनराव कमी बोलणारा माणूस आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी हॉटेल सोडलं. कोल्हापूर मागं पडल्यावर किटली उघडली. आता काय धोका?

सगळे फोन गाडीतच चार्जिंगला लावून, माना खाली घालून वाचत बसले. मग खंडू रडायलाच लागला. घाबरलो. म्हैस व्याली होती, रेडी झाली, दोघी सुखरूप. व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत विक्रम, कोपरापर्यंत माखलेला, रेडीचं तोंड पुसतोय. शनिवारी संध्याकाळपासून चौघांच्या गोठ्यात तोच जातोय म्हणे. धारा काढतोय, दूध केंद्रावर घालतोय, फॅटच्या पावत्या घरोघर देतोय.

मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं की हे राजकारण आहे, विक्रम हे मतांसाठी करतोय. कुणी एक शब्द बोललं नाही. मुद्दा पटला.

माझ्या फोनवर हिचे अकरा मिस्ड कॉल. चार माणसांसमोर बायकोशी बोलत बसणं नेत्याला शोभत नाही. उद्या गुलाल घेऊनच घरी जाईन. आज मुक्काम शिरूरच्या लॉजवर. चौघं मात्र गाडीतून उतरलेच नाहीत. म्हणाले, आधी गोठे. जाऊ दिलं. विजय पक्का झाल्यावर माणसानं मन मोठं ठेवावं.

१९ नोव्हेंबर, बुधवार, दुपार

निळं जाकीट घालून दहालाच पोचलो.

निवडणूक अधिकाऱ्यानं अर्ज दिला. माझं नाव लिहिलं. खाली सूचक, त्याखाली अनुमोदक. बबनरावांपुढं धरला. ते खिडकीतून बाहेर बघू लागले. खंडूपुढं धरला. खंडू म्हणाला, पोपटभाऊ, माफ करा. सर म्हणाले, मी रविवारी देवाला शब्द दिलाय, माझ्या गायी वाचवील त्याला विसरणार नाही.

झुंबरबाईच तेवढ्या सरळ बोलल्या. म्हणाल्या, पोपटराव, तुम्ही आमाला बोटीत बसवलं, त्यानं आमच्या धारा काढल्या. ही दूध संस्था हाय.

अर्ज सहीविना बाद. विक्रम बिनविरोध.

अधिकारी म्हणाले, अभिनंदनाचा ठराव कुणीतरी मांडा. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ज्येष्ठ संचालक. उभा राहिलो आणि मांडला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, इथं लिहायला काय हरकत आहे.

संध्याकाळ

घरी ही पांघरूण घेऊन पडलेली. कपाळ तापलेलं. कवापासून, विचारलं. म्हणाली, रविवारी पाटंपासनं. उठवंना, म्हणून फोन लावीत होते. पाणी दिलं, गोळी दिली. म्हणाली, निवडीचं काय झालं. म्हटलं, विक्रम. म्हणाली, बरं झालं. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, बसा जरा.

धारेची वेळ झाली म्हणून बादली घेऊन गोठ्यात गेलो. विक्रम आधीच आमच्या म्हशीखाली बसलेला, केसांत गुलाल, शर्ट काढून खुंटीला अडकवलेला. मला बघून उठायला लागला. म्हणाला, दादा, वहिनींना बरं वाटंस्तोवर मी येतो, तुम्ही दमून आलाय, टेका जरा.

मी टेकलो नाही. त्याची बादली भरत आली होती. ती उचलून बाजूला ठेवली आणि माझी रिकामी म्हशीखाली सरकवून धारेला बसलो.