घरटी एक माणूस

आये, तू असतीस तर पोट धरून हसली असतीस, म्हणून हे आधी तुलाच सांगते. मध्यंतरी पेणला सभागृहाच्या दारात पोलिसाने आपलं गाव अडवलं, कारण गाव फावडी-घमेली घेऊन आलेलं. चूक माझी. हवा तापवणारा धूर कमी करायला राज्याने काय करावं, हे लोकांकडून ऐकायला सरकारी साहेब येणार होते. इथे अष्टमी गावात सासरी बसून मी माहेरच्या ग्रुपवर पत्ता टाकला आणि वर गमतीने लिहिलं, ‘खांड गेली, घरटी एक माणूस.’ खाडीचा बांध फुटून खांड पडली की घराघरातून एकेक माणूस बोलावणारी ही हाक. ती आली की आपल्याकडे का, कशाला, असं कोणी विचारतं का? पेणला कुणाचा तरी बांध फुटला असणार, म्हणून निघाले सगळे. पोलीस म्हणाला, “मोर्चा हाय काय?” चुलतभाऊ म्हणाला, “नाय, चिखल कुठं हाय त्ये दाखवा.” शेवटी अवजारं चपलांशेजारी ठेवून आम्ही आत गेलो.

पण आत बसल्यावर हसू ओसरलं. हल्ली उधाणाचं पाणी पूर्वी कधी न चढलेल्या बांधावरून शेतात येतं, आणि एकदा खारं पाणी शिरलं की भात दोन-तीन वर्षं पिकत नाही. आणखी किती वर्षं आपण नुसती मातीच टाकत राहायचं, हे विचारायला मी उठले. माझा मुलगा रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो, त्यामुळे कंपन्या बंद करा असं मी म्हटलं नाही. कोळशाचा धूर वर्षागणिक कमी झालाच पाहिजे, असा राज्याने स्वतःचा कायदा करावा, एवढंच म्हटलं. साहेब तरुण, बोलायला गोड. म्हणाले, “मावशी, हा सगळ्या जगाचा प्रश्न. एका राज्याने काय होणार?”

आणि मला तू दिसलीस. तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस, बाहेर हाक येते, तू पिठाच्या हातानेच घमेलं उचलतेस. मी दारात उभी राहून शहाणपणा करते, एवढा मोठा दर्या, आपल्या एका घमेल्यानं काय होनार? तू वळून बघतेस आणि म्हणतेस, “दर्याचं दर्या बघंल गो. आपल्या घरचा मानूस गेला का नाय, तेवढं आपून बघायचं. आता तव्यावरची भाकर परत.” मी भाकरी करपवली होती, त्याचीही बोलणी खाल्लीच.

साहेबांना मी तुझंच ऐकवलं, तुझ्याच बोलीत. वर म्हटलं, “तुमचं राज्य म्हंजे एक घर समजा. शेजारी आला का नाय, हे बघत कोन बसत नाय.” मागून कोणीतरी घमेलं वाजवल्यासारखं बाक वाजवलं, मग सगळ्यांनीच. साहेब हसले, आमची मागणी शब्दाला शब्द लिहून घेतली, मोठ्याने वाचून दाखवली आणि विचारलं, “बांधावर पुढचं काम कधी?”

कायदा होईल तेव्हा होईल, आम्ही मागे लागणार आहोतच. पण अमावस्येच्या ओहोटीला साहेब खरंच आले, आये! बूट काढून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरले आणि पहिल्याच फेरीला घमेल्यासकट आडवे झाले. बायका लाजबिज सोडून हसल्या, तेही हसले, आणि उठून पुन्हा रांगेत लागले. पाणी चढायच्या आत खांड भरली. सरकारच्या घरातून एक माणूस आला, असं गावात अजून सांगतात. मला तर त्या दिवशी खांड भरल्यावर तू पुसायचीस तशी दोन्ही हातांनी कपाळावरची माती पुसावीशी वाटली, इतका आनंद झाला.

हे पत्र पाठवायचं कुठे, म्हणून घडी करून तुझ्या घमेल्यातच ठेवते आहे. इतकी वर्षं ते मी सुनेलाही हात लावू दिलं नव्हतं. साहेबांना तेच दिलं होतं. त्याला मोठा पोचा पडलाय. लोकांसमोर ‘असू दे’ म्हटलं, पण मनातून चिडले होते. आता मात्र घरी जो येईल त्याला मी आधी तो पोचाच दाखवते.