मुकुंदच्या कार्डावर एकतीस

२ नोव्हेंबर, रविवार
आज बेसबॉलच्या मॅचमध्ये आठ जणांले स्ट्राइकआउट केलं! बॉलले बॅट शिवलीच नाही. कागदावर मात्र ते मुकुंदनं केलं. मुकुंद बाकावर बसून शेंगदाणे खात होता.

भूमिका स्कोअर लिहिते. तिच्या वहीतून मी दर रविवारी सगळ्या पिचरांचे, म्हणजे बॉल टाकणाऱ्यांचे, आकडे उतरवून घेतो. तीन मॅच झाल्या —
मी (म्हणजे मुकुंद) — २४ आउट, ५ वॉक.
अपूर्व — १५ आउट, ११ वॉक.
रजत — १२ आउट, १४ वॉक.
वॉक म्हणजे चार बॉल बाहेर गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. अपूर्व तर फुकटच वाटत सुटते. त्याच्याजवळ भारीचा ग्लोव्ह, अन् इंग्रजीत बोलणारा बाप. मी देवरीच्या शाळेत आठवीपर्यंत खेळलो. शाळा सुटली, हात राहिला.

४ नोव्हेंबर
बुटीबोरीच्या धागा मिलमध्ये सुट्टीचं विचारलं. ठेकेदाराचा माणूस म्हणे, "रविवारच पायजे? कलेक्टर हायेस का गा?" त्याच्या बदल्यात दोन डबल ड्युट्या दिल्या. घेतल्या.

मी क्लबात आलो तोवर स्पर्धेची नावं गेली होती. मुकुंदचा गुडघा दुखावला होता. आमचे कोच विक्रम सर म्हणाले, "तुझं खेळाडूचं कार्ड बनेपर्यंत त्याच्या कार्डावर बॉल टाक." माझा फोटो नेला, आधार नेलं. दोन महिने झाले. विचारलं की एकच — "बनून राहिलं ना गा!"

९ नोव्हेंबर, रविवार
सात आउट, एक वॉक. एकूण एकतीस! अपूर्व एकोणीसवरच.

सर म्हणाले, फायनलले निवडवाले येतील, वही पाहून विदर्भाची टीम काढतील. मुकुंदनं माझ्या पाठीवर थाप मारली — "आकडे सांभाळ भाऊ, माझी निवड होऊन राहिली!" सगळे हसले. मी बी हसलो. काहून हसलो?

१२ नोव्हेंबर
मायचा फोन. "पेपरात नाव येईन का रे तुझं?"
म्हटलं, दुसऱ्याचं येईन.
माय म्हणे, "अन् हात कोणाचा?"

१४ नोव्हेंबर
ठरलं. माझे एकतीस मुकुंदले पचू देणार नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
फायनल. समोर कोराडीची टीम. पोहोचलो तर मॅच सुरू व्हायलेच आली होती. सर म्हणे, "थांब, तुले काही सांगायचं हाय." मी सरळ मैदानात गेलो.

मुद्दाम बाहेर टाकले. चार. परत चार. परत चार! बॅटर बॅट खांद्यावर ठेवून चालत जात होते. निवडवाले खुर्च्यांवर बसून लिहीत होते. लिहा म्हटलं!

सर ओरडून राहिले — "नागसेन! हात दुखते का? नागसेन!" मॅचमध्ये सर माझं खरं नाव कधी घेत नसत. आज चारचौघांत घेतलं. मी मान वळवली नाही.

नऊ वॉक दिल्यावर काढलं मले. मुकुंद बाकावर होता. त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नाही. शेंगदाणे खाऊन राहिला होता!

कोणाशी न बोलता बुटीबोरीची बस धरली. सरांचे सहा फोन येऊन गेले. उचलले नाही.

१८ नोव्हेंबर
भूमिकानं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. मी मागितला नव्हता.
फायनल. पिचर — नागसेन रामटेके. आउट शून्य. वॉक नऊ.
खाली तिनं लिहिलं — "तुझं कार्ड शनिवारी आलं. सर तुले निवडवाल्यांसमोर देणार होते. मुकुंदचं नाव लागलं टीममध्ये, एकतीसवर."