पाखरांच्या झाडाला बांधलेली झावळी

प्रिय याकोमिनाताईस धाकट्या दोर्कासचा नमस्कार.

ताई, तुला एक बहीण आहे, ती बेटावर राहते आणि अजून जिवंत आहे. विसरली असशील म्हणून आधी सांगते. गुडघे कसे आहेत? माझे दिवसभर बोलतात, पण ऐकतं कोण! (पत्र माझी नात सेल्फिना लिहिते आहे. सांगते तेवढंच लिही गं, सुधारू नकोस.)

तर आपल्या ओबेतची होडी कुजली आणि नव्या होडीसाठी या भावाचा डोळा गेला तो डोंगरावरच्या पाखरांच्या झाडावर. ज्याच्या शेंड्यावर पहाटे लाल पिसांची पाखरं उलटी लटकून नाचतात आणि खाली धुकं समुद्रात उतरताना झाडच हळूहळू उडू लागल्यासारखं वाटतं, त्या झाडावर! तो कुऱ्हाडीला धार लावतोय तोवर मी पाद्रीबाबांना वर नेलं, प्रार्थना करवली आणि बुंध्याला नारळाची झावळी बांधली. एकदा ही सासीची बंदी घातली की झाडाला हात लावायचा नाही, सावलीत पाऊल टाकायचं नाही. ओबेतचं तोंड उतरलं. मी खुशीत.

दुसऱ्याच दिवशी हातभर लांब नळकांड्यांचे कॅमेरे घेऊन पाहुणे हजर, तीच पाखरं बघायला! आणि सासी तर बांधणारीलाही लागू. ओबेत म्हणाला, "ने की अक्का वर! का आता कोंबड्या दाखवतेस?" दाखवल्या. (एकानं माझ्या लंगड्या कोंबडीचे इतके फोटो काढले की ती अंडीच घालेना.) पहाटे मात्र माझ्या ओसरीवरून धुकं जरासं फाटलेलं दिसलं. लांब शेंड्यावर लाल ठिणग्या हलत होत्या. कुणी कॅमेरा उचललाच नाही. हातातली कॉफी निवून गेली. मला तर वाटलं, मी पोर आहे आणि तू मागं बसून माझ्या उवा काढते आहेस.

झावळी सोडायचा मान थोरलीचा. ओबेत समोर बसून शब्दन् शब्द ऐकतो आहे, म्हणून ठणकावून सांगते: ताई, पुढच्याच बोटीनं ये आणि झावळी सोड.

तुझी
दोर्कास

ता. क. ओबेत आंघोळीला गेला. येऊ नकोस! तू धक्क्यावर उतरलीस की झाड आडवं झालंच. चर्चमागं वादळात पडलेला चांगला ओंडका आहे, पण तो ओढून आणायचा त्याला आळस. तो आणेपर्यंत कंबर धरली आहे असं कळवत राहा.

आणखी एक. तुला बघावंसं फार वाटतं. (हे लिहू नकोस गं. लिहिलंस?) बोटीवर साखर, कांदे आणि बिस्किटं पाठव. बिस्किटं कडकच घे. ओबेतचे दात कामात राहिलेले बरे.